पिन्हासचा पहिला घास

पिन्हास अमेदीला बाजारात सगळे 'सहा तास' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तो चिडतही नाही. मांस खाल्ल्यावर सहा तास दुधाचं काही तोंडात घालायचं नाही, हे आम्हा ज्यू लोकांत सगळ्यांनाच ठाऊक आहे; पण आम्ही अंदाजाने धरतो. दहा मिनिटं कमी पडली म्हणून कुणी घड्याळाशी भांडत बसत नाही. पिन्हास मात्र शेवटचा घास गिळला की खिशातलं पेन काढतो आणि डाव्या मनगटावर वेळ लिहितो. बारा चाळीस. एक पाच. मी समोरच्या दुकानात बसून तीस वर्षं त्याच्या मनगटावरचे हे आकडे वाचत आलेय.

मी मर्सेल. माझं दुकान चीजचं आणि ऑलिव्हचं, त्याचं लोणच्यांचं. मध्ये चार पावलांची गल्ली. जेरुसलेमच्या या बाजारात चार पावलं म्हणजे एकाच घरात राहिल्यासारखं आहे. मी शिंकले तर तो तिकडून आशीर्वाद देतो. त्याच्याकडे काकड्या, सलगम, कोबी, लिंबं, सगळं मिठाच्या पाण्यात. हा धंदा त्याने काही आवडीने धरलेला नाही. लोणचं मांसाचं नसतं आणि दुधाचंही नसतं, ते दोन्हींबरोबर चालतं. ज्यात चूक होऊच शकत नाही असं काहीतरी विकायचं, एवढंच त्याला हवं होतं.

कारण एक चूक त्याच्या हातून होऊन गेली होती. सव्विसाव्या वर्षी तो एका लग्नाच्या हॉलमध्ये कोशेरची देखरेख करायचा, म्हणजे मांस-दूध एकत्र होत नाही ना, सगळं धर्माच्या नियमात बसतंय ना, हे बघायचा. तो हॉल आता राहिलेला नाही, पिन्हासच्या डोक्यात मात्र अजून उभा आहे. एका लग्नात कोंबडीच्या रश्श्यात वनस्पतीच्या सायीऐवजी खरी साय पडली. खोकी दिसायला एकसारखी, आणि त्या खोक्यांवर पिन्हासने 'तपासलं' म्हणून सही केलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याच्या पिंपात त्याला ते खोकं दिसलं. तोवर साडेतीनशे माणसं त्याच्या सहीवर भरवसा ठेवून जेवून घरी गेली होती.

आमचे धर्मगुरू, रब्बी, म्हणाले, नकळत झालं, खाणाऱ्यांना दोष नाही, तू आता गप्प बस. हा गप्प बसणारा नव्हता. नवरीच्या बापाच्या घरी गेला आणि सगळं सांगून आला. तो बाप म्हणाला, "हे मला सांगून तू तुझं ओझं उतरवलंस आणि माझ्या लेकीच्या लग्नावर नेऊन ठेवलंस." हे वाक्य पिन्हासने मला निदान शंभर वेळा तरी ऐकवलं असेल. ते आठवलं की त्याचा हात आपोआप दाढीकडे जातो.

तेव्हापासून हा माणूस बाहेरचं खात नाही. बाजारात चाळीस वर्षं काढली, चहूबाजूंनी भाजल्या-तळल्याचे वास, आणि दुपारी घरून आलेला डबा. घरीही सुरुवातीला त्याने नाझेला नको जीव केलं होतं. नाझे म्हणजे त्याची बायको. हे भांडं कुठलं, तो चमचा कशातला, अंडं फोडून रक्ताचा ठिपका नाही ना बघितलंस का, पालकात किडा नाही ना, नीट निवडलास का. वर्षभर तिने ऐकून घेतलं. मग एक दिवस तिने त्याला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं आणि सांगितलं, "तुझी काळजी या उंबऱ्याच्या बाहेर. आत पाय टाकलास तर उद्यापासून तू रांध, मी लोणची विकते." पिन्हास घाबरला आणि त्याने ऐकलं. अडतीस वर्षं तो उंबऱ्याबाहेर थांबला आणि तिने समोर ठेवलेलं मुकाट खात राहिला. जगात एकाच माणसावर त्याने डोळे मिटून विश्वास टाकला.

नाझे दर रविवारी माझ्याकडून चीज न्यायची. माझ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. कडीला दोरा बांधलेला तिचा स्टीलचा डबा असायचा, त्यातच घालून घ्यायची. बोलायची कमी, घासाघीस जास्त. मला ती फार आवडायची.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. शोकाचे सात दिवस संपले आणि पिन्हास आयुष्यात पहिल्यांदा त्या स्वयंपाकघरात शिरला. नंतर मला म्हणाला, "नाझेने भांड्यांना दोरे बांधून ठेवलेत, लाल आणि निळे. नाहीतर मी उपाशी मेलो असतो." मंगळवारी कोंबडी, इतर दिवशी भात, डाळी, अंडी आणि चीज. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, तो बहिणीकडे जायचा. घरी कुणी आलंच तर कागदी ताटली आणि कागदी पेला, म्हणजे पाहुण्याच्या बाबतीत चूक होण्याचा प्रश्नच नाही.

मग गेल्या शरदातले सण आटोपल्यावर त्याची मुलगी ओस्नात बीरशेबाहून परत आली आणि तिने आमच्याच गल्लीत, तीन गाळे सोडून, सँडविचचं दुकान टाकलं.

मोठं काही नाही. चार उंच स्टुलं, एक काउंटर, मागे मोठं पातेलं. मांस आठ तास मंद आचेवर, सेलरी, सुकं लिंबू, छोले, म्हणजे तिच्या आईचंच. ते लांबट पावात भरायचं, वर रस्सा, आणि बाजूला बापाच्या काकड्या. भिंतीवर कोशेरचं प्रमाणपत्र, ठसठशीत, फ्रेममध्ये. देखरेख करणारे गृहस्थ आठवड्यातून तीनदा येऊन जातात. वास असा की मी चीजवाली असून माझी भूक चाळवते. खायला मात्र मला संध्याकाळपर्यंत थांबावं लागतं, कारण सकाळपासून मी स्वतःचंच चीज चाखत असते आणि चीजनंतर लगेच मांस माझ्या पोटाला झेपत नाही.

पहिला महिना बरा गेला. मग लोकांच्या एक गोष्ट लक्षात आली. पिन्हास तिथे खात नाही.

दुपारी तो स्वतःच्या दुकानात, स्वतःचा डबा उघडून, लेकीच्या दुकानाकडे पाठ करून जेवायचा. आमच्या बाजारातली कडक पाळणारी माणसं, जी काकड्या घ्यायलासुद्धा पिन्हासकडेच येतात, ती त्याला विचारायची, "काय रे, ओस्नातकडे चालेल ना?" आणि हा मूर्ख उत्तर द्यायचा, "प्रमाणपत्र आहे भिंतीवर." बास. पुढे शब्द नाही. मान खाली आणि काकड्या तराजूत. असं उत्तर ऐकल्यावर कोण तिकडे पाऊल टाकेल? आमच्या सिनेगॉगचा कारभारी मेनाशे तर उघड म्हणाला, "सहा तास जिथे खात नाही तिथे मी कशाला खाऊ? बापाला माहीत असणारच काहीतरी." मेनाशे थांबला की त्याच्या मागे प्रार्थनेला येणारे साठ जण थांबतात.

वल्हांडणाच्या सणाला तीन आठवडे राहिले होते, तेव्हा ओस्नात माझ्याकडे आली. डोळे रडून सुजलेले, पण आवाज खणखणीत. ती आईवर गेलीय.

"मर्सेलमावशी, सणानंतर मी गाळा सोडतेय. बीरशेबाला परत जाते."

"अगं, पाच महिने झाले फक्त."

"पाच महिने मी रोज बारा वाजता एक सँडविच करून बाजूला ठेवते. रोज दोन वाजता मीच ते खाते. माझा बाप तीन गाळ्यांवर बसतो आणि मला परक्यासारखं वागवतो. लोकांचं सोडा हो. मलाच आता तिथे उभं राहवत नाही."

ती गेली आणि माझं डोकं सणकलं. मी तशीच गल्ली ओलांडून पिन्हाससमोर उभी राहिले.

"तुला नक्की भीती कसली वाटते रे? पोरगी विष घालणार आहे का तुला?"

"मर्सेल, प्रमाणपत्र आहे..."

"पुन्हा प्रमाणपत्र म्हणालास तर ही बरणी डोक्यात घालीन."

तो हळू आवाजात बोलला, आणि मला पहिल्यांदाच कळलं की गोष्ट वेगळीच आहे.

"समजा, मी गेलो आणि मला काही दिसलं तर? माझे डोळे तसलेच आहेत, मला दिसतंच. दिसलं की सांगावं लागेल. सांगितलं की तिचं दुकान बुडालं. नाही सांगितलं तर लोक माझ्या भरवशावर खात राहतील, पुन्हा एकदा. म्हणून मी बघतच नाही. पाठ करून बसतो. बघितलं नाही की दिसत नाही."

मला त्याची दयाही आली आणि रागही आला. राग जास्त होता.

"आणि तू बघत नाहीस त्याचा लोक काय अर्थ लावतात ठाऊक आहे? तू बघून आलायस असा. तुला दिसलंय असा. न बघताच तू तिचं दुकान बुडवतोयस, पिन्हास. ती सणानंतर चाललीय."

त्याचा दाढीकडे गेलेला हात तिथेच राहिला.

"कुठे?"

"बीरशेबाला. आणि यावेळी कायमची."

दुसऱ्या दिवशी गुरुवार. शब्बाथच्या खरेदीची गर्दी, गल्लीत मुंगीला जागा नाही. बारा वाजता पिन्हासने दुकानाच्या तोंडावर दोरी आडवी बांधली, ॲप्रन काढला आणि टोपी नीट केली. मी लगेच माझ्या काउंटरवर 'पाच मिनिटांत येते' अशी पाटी लावली. ती पाच मिनिटं आजवर कधी खरी ठरलेली नाहीत. हात साबणाने दोनदा धुतले, कारण ओस्नात मला चीजच्या हातांनी काउंटरजवळ फिरकू देत नाही, आणि त्याच्या मागोमाग गेले.

ओस्नातने त्याला येताना पाहिलं. हातातला पाव तिने खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"या बाबा."

"हो," पिन्हास म्हणाला. मग सुरू झाला. "मांस कुठल्या खाटकाचं?"

तिने सांगितलं.

"पाव?"

"अझूरच्या भट्टीतला. तुम्ही घरी नेता तोच."

"सेलरी नीट निवडतेस? पानांच्या मागे..."

"तीन पाण्यांतून काढते. उजेडात धरून बघते."

"अंडं नाही ना घालत कशात?"

"नाही बाबा."

मागे रांग वाढत होती. रांगेत मेनाशे नव्हता. तो मसालेवाल्याच्या दुकानापाशी उभा राहून जिऱ्याचा वास घेत असल्याचं सोंग करत होता. एवढं जिरं कुणी आयुष्यात हुंगलं नसेल. मसालेवालाही इकडेच बघत होता, समोरचा मासेवाला सुरी हातात धरून उभा होता. एका सँडविचसाठी मी एवढी कधी घाबरले नव्हते.

शेवटी पिन्हासचे प्रश्न संपले. कोपऱ्यातल्या नळावर साखळीने बांधलेला दोन कानांचा पेला आहे, तिथे तो गेला. उजव्या हातावर पाणी, डाव्या हातावर पाणी, पुन्हा उजव्या, पुन्हा डाव्या. हात वर करून आशीर्वाद म्हणाला, हात पुसले. आता पावाचा घास गिळेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. आमच्यातले सैल लोक यातही पळवाट काढतात, 'मीठ दे' वगैरे म्हणून घेतात. पिन्हास काढत नाही. ओठ घट्ट मिटून तो काउंटरपाशी येऊन उभा राहिला.

ओस्नातने पाव चिरला. मांस भरलं. मग पातेल्यात ओगराळं घातलं आणि भरून वर काढलं, रस्सा ओतायला. ओगराळ्याच्या दांड्याला टोकाशी भोक होतं आणि भोकात दोरा बांधलेला होता. जुना, तेलकट, निळा.

पिन्हासची नजर त्या दोऱ्यावर गेली आणि तिथेच राहिली.

मी त्याच्या शेजारीच होते. मलाही तो दिसला. लाल मांसाचा, निळा दुधाचा, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. दुकानात भांडी घ्यायला जा, तीच दोन रंगांची पट्टी दिसेल. आणि इथे निळ्या दोऱ्याचं ओगराळं पाच महिने मांसाच्या उकळत्या पातेल्यात फिरत होतं. म्हणजे पातेलं गेलं, रस्सा गेला, खाल्लेलं सगळं गेलं. याला दिसायचं ते दिसलंच.

ओस्नातने सँडविच कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिलं. तो ते धरून उभा. खाईना, खाली ठेवीना.

"खा ना बाबा."

"अं. अं-अं." तोंड मिटूनच त्याने घशातून आवाज काढला आणि हनुवटीने पातेल्याकडे खूण केली.

"काय? अजून रस्सा हवा?"

"अं-अं!"

"कांदा नको? काकडी? तुमचीच आहे काकडी."

"अरे, बोल की!" मी ओरडले. "पुन्हा हात धुऊन घे, पाणी काय आटलंय का?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. पुन्हा हात धुतले की आधीचा आशीर्वाद फुकट गेला, म्हणजे देवाचं नाव उगाच घेतलं. ते तो मेला तरी करणार नव्हता. आणि खरं सांगायचं तर, मला वाटतं, न बोलायला कारण मिळालं होतं म्हणून तो त्याला चिकटून होता. बोलला की मुलीचं दुकान बुडणार होतं. सव्विसाव्या वर्षीचा तो हॉल त्याच्या डोळ्यांसमोर उभा होता हे मला चेहऱ्यावरूनच कळत होतं.

मग त्याने सँडविच काउंटरवर ठेवून दिलं. टोपलीतला एक कोरा पाव उचलला, आशीर्वाद म्हणाला, तुकडा मोडला, मिठात बुडवला आणि खाल्ला. नुसता पाव.

सगळ्या गल्लीने ते बघितलं. मेनाशेने जिऱ्याची मूठ पोत्यात टाकली आणि पाठ वळवली. रांगेतली दोन माणसं हळूच बाहेर सरकली.

ओस्नातच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढं चारचौघांत करायला आलात? घरी सांगितलं असतंत तर मी गेले असते."

पिन्हासने घास गिळला. काउंटरवर वाकला आणि कुजबुजला, आवाज इतका बारीक की मला कान पुढे न्यावा लागला. "ओस्नात. हळू बोल. ते ओगराळं दुधाचं आहे."

"कुठलं?"

"हातातलं. निळा दोरा."

ओस्नातने ओगराळ्याकडे बघितलं, मग बापाकडे. "हे आईचं आहे. सात दिवस संपल्यावर मी तुम्हाला विचारून नेलं. मांसाचं आहे हे."

"निळा दुधाचा असतो."

"आपल्या घरी निळा मांसाचा होता, बाबा. दुधाचा लाल."

"सगळ्या जगात निळा..."

"जगात असेल! आईकडे नव्हतं. ती म्हणायची, मांसाच्या रश्श्यात कुठलाही दोरा काळाच पडतो, तिथे गडद बांधावा. आणि दुधाच्या भांड्याला लाल, लांबून दिसला की घाईतला हातही थांबतो. तुम्हाला माहीत नाही? तुम्ही त्या घरात राहत होतात ना?"

तो राहत होता, पण उंबऱ्याच्या बाहेर.

"तुझी आठवण चुकत असेल," तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. "तू लहान असताना..."

आणि तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो डबा आला. दर रविवारी माझ्या काउंटरवर ठण्णकन ठेवला जाणारा.

"पिन्हास," मी म्हणाले, "नाझेचा चीजचा डबा. त्याच्या कडीला दोरा होता. मी अठ्ठावीस वर्षं तो डबा भरलाय. दोरा विरला की ती नवा बांधून आणायची. लाल, पिन्हास. दर वेळी लाल."

तो माझ्याकडे बघत राहिला. ओस्नातची बाजू खरी ठरली, दुकान वाचलं, आता हा सुटकेचा श्वास सोडेल असं मला वाटलं. पण तो हळूहळू मागे सरकला आणि स्टुलावर बसला, नाही, पडलाच.

"लाल पातेलं," तो म्हणाला. "मंगळवारी मी कोंबडी लाल पातेल्यात शिजवतो."

ओस्नातने ओगराळं खाली ठेवलं.

"आणि दूध निळ्यात तापवतो. दोन वर्षं. रोज." त्याने मनगट वर केलं आणि मंगळवारचा अर्धवट पुसलेला आकडा बघितला. "सहा तास मोजत होतो मी."

हसायला येण्यासारखी गोष्ट होती, पण मला रडू आलं. बाजारातला सगळ्यात कडक माणूस, बाजारात घोटभर पाणीही न पिणारा, आणि त्याच्याच चुलीवर दोन वर्षं सगळा घोळ चाललेला. नाझेला हे कळतं तर तिने त्याला झाडूने मारलं असतं, आणि मग स्वतःच रडत बसली असती की मी याला कधी आत का घेतलं नाही.

ओस्नात काउंटर सोडून बाहेर आली. राग कुठल्या कुठे गेला होता. ती वाकून हळू म्हणाली, "बाबा, कुणालाही कळायची गरज नाही. आपण भांडी गुपचूप उकळत्या पाण्यात घालून शुद्ध करून आणू. मी येते रविवारी."

मीही मान हलवली. आम्ही तिघांनीच ऐकलं होतं. तो गप्प बसला असता तर उद्याही तोच 'सहा तास', तोच मान. आणि बोलून भलं होत नाही हे त्याला नवरीच्या बापाने एकदा शिकवलं होतं. मला वाटलं, हा आता उठेल आणि डबा आणायला जाईल.

तो उठला. दुकानाच्या तोंडाशी गेला आणि असा ओरडला की मासेवाल्याच्या हातून मासा सुटला.

"मेनाशे! इकडे ये!"

मेनाशे वळला. त्याच्याबरोबर अर्धी गल्ली वळली.

"माझ्या घरचं कोशेर नाही!" पिन्हास म्हणाला. आवाज फाटला होता, पण तो थांबला नाही. "दोन वर्षं. मी मांसाची आणि दुधाची भांडी उलटी धरली. नाझेच्या खुणा मला कळल्या नाहीत. माझ्या मुलीला कळत होत्या. इथे सगळं नीट आहे. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. चूक माझ्या घरी आहे, इथे नाही."

मेनाशे दाढी खाजवत जवळ आला.

"पण मी तुझ्या घरी महिन्याला दोनदा चहा पितो," तो घाबरून म्हणाला.

"कागदी पेल्यात पितोस."

"किटली?"

"किटलीत पाण्याशिवाय काही गेलं नाही."

मेनाशेने सुस्कारा सोडला. "बरं. रब्बींना विचारू. सणाआधी कोपऱ्यावर उकळत्या पाण्याचा हंडा लागणारच आहे, पहिली पाळी तुझी. दोन्ही दोऱ्यांची भांडी आण." मग त्याने काउंटरवरच्या सँडविचकडे बघितलं. "आणि तोवर खाणार काय तू?"

पिन्हास परत आत आला, स्टुलावर बसला, कागद सोडला. सँडविच निवत आलं होतं. ओस्नात म्हणाली, दुसरं करते, हे गार झालंय. त्याने हाताने नको म्हणून सांगितलं आणि घास घेतला.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, ओस्नातही. तो चावत राहिला, खूप वेळ. मग चावणं थांबलं. डोळे भरून आले आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. चव कुणाच्या हातची आहे हे त्याला सांगायची गरज नव्हती आणि त्यानेही काही म्हटलं नाही. दोन वर्षं तो स्वतः शिजवलेली कोरडी कोंबडी खात होता.

मेनाशे नळावर हात धुवायला गेला. त्याच्या मागे आणखी दोघं उभे राहिले, पेल्यासाठी.

ओस्नातने बापाच्या खिशातून पेन काढलं. त्याचे दोन्ही हात बरबटलेले होते, म्हणून तिने त्याचं डावं मनगट धरलं, ॲप्रनने पुसलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"बारा पंचेचाळीस लिहू?"

"थांब," पिन्हास भरल्या तोंडाने म्हणाला. "अजून एक कर. मग लिही."